अभ्यासिकेत बारा तास, डोक्यात शून्य : हार्मोनचा घोळ की माझाच?

पेठेतला पाहुणा (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ११:४७

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचक आहे, लिहितोय पहिल्यांदा. चूकभूल माफ करा.

वय २६. गाव बीड जिल्ह्यात, मुक्काम पुण्यात सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर. राज्यसेवेचा तिसरा प्रयत्न. सकाळी सातला अभ्यासिकेत शिरतो, रात्री साडेनऊला बाहेर. मधले इकडचे तिकडचे वजा केले तरी बारा तास खुर्चीत. मागच्या वर्षीपर्यंत हे जमत होतं. एका बैठकीत तीस-पस्तीस पानं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी आठवायची.

गेले चार महिने वाचायलोय पण डोक्यात काहीच जाईना. परवा ७३वी घटनादुरुस्ती काढली. अकरावी अनुसूची, २९ विषय, एकेकाळी तोंडपाठ. तेच पान चार वेळा वाचलं. पाचव्यांदा पहिल्या ओळीवर आलो तर वाटलं, हे आज पहिल्यांदाच बघतोय.

उपाय सगळे झाले. मोबाइल दिवसभर काउंटरवर जमा. पहाटे चारला उठून बघितलं. मित्राच्या सांगण्यावरून 'डोपामाइन डिटॉक्स' केलं, सात दिवस गाणी नाही, गप्पा नाही, चहासुद्धा एकट्याने. फरक एवढाच की चिडचिड वाढली. अभ्यासिकेत एक जण म्हणतो तुझं डोपामाइन संपलंय, दुसरा म्हणतो टेस्टोस्टेरॉन तपास, तिसऱ्याने पावडरचा डबाच आणायला सांगितला. घरी बोललो तर वडील म्हणतील, पोराचं मन लागंना, बोलवा परत.

खरंच हार्मोनमुळे असं होतं का, की मी नुसती पळवाट शोधायलोय?

सुपारीकातर | बुधवार, सकाळी ६:१०

पळवाटच. राग मानू नका. आम्ही परीक्षा दिल्या तेव्हा हार्मोन हा शब्द फक्त जीवशास्त्राच्या पुस्तकात होता. बैठक मारायची सवय लागते, ती मोडली की असं होतं. मोबाइल काउंटरवर ठेवता म्हणता, मग रात्री पावणेबाराला हा धागा कशावर टंकलात?

गवती चहा | बुधवार, सकाळी ९:३२

काका, पहिल्याच प्रतिसादात कातर चालवलीत.

पाहुणे, मेंदूला ग्लुकोज लागतं. वजनाने तो शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी २० टक्के ऊर्जा खातो. चिक्की, गूळ-दाणे जवळ ठेवा. इच्छाशक्तीसुद्धा साखरेवर चालते असं वाचलं होतं. इस्रायलच्या न्यायाधीशांचा तो अभ्यास आहे ना, जेवणाच्या सुट्टीआधी कैद्यांचे पॅरोल नाकारतात आणि जेवून आले की देतात.

त्रिज्या | बुधवार, सकाळी १०:१५

गूळ-दाणे जरूर खावेत, पण या कारणासाठी नाही.

मेंदू फ्रिजसारखा आहे. दिवसरात्र चालू. तुम्ही दार उघडून डोकावलात म्हणून बिल दुप्पट येत नाही. कठीण गणित सोडवताना एकूण मेंदूचा खर्च फारतर काही टक्क्यांनी वाढतो. इच्छाशक्ती साखरेवर चालते हा सिद्धांत २००७च्या सुमारास फार गाजला. मुळात इच्छाशक्ती वापरून संपते का, हेच २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर तपासलं, तर परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

न्यायाधीशांचंही तसंच. ज्या कैद्यांना वकील नव्हता त्यांची प्रकरणं बहुधा सुट्टीच्या तोंडावर, शेवटी यायची. मग पॅरोल नाकारला तो पोटाने की वकील नसल्याने?

यातली एक गंमत मात्र खरी. सायकलपटूंना एक तासाच्या शर्यतीत कर्बोदकाच्या पाण्याने चूळ भरून थुंकायला लावलं. पोटात काहीच गेलं नाही, तरी ते सुमारे ३ टक्के वेगाने गेले. इंधन मिळालं नव्हतं, इंधन येतंय अशी नुसती वर्दी मिळाली होती. मेंदू वर्दीवरही चालतो. या धाग्याला ते लागू पडेल असं मला वाटतंय, पण जाणकारांची वाट पाहतो.

नाडीपरीक्षा | बुधवार, दुपारी २:४०

वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. इथे निदान करणार नाही, पण उत्तर देण्याआधी चार प्रश्न विचारते. पाहुणे, खरं लिहा.

१. कालच्या दिवसात सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंत? पेलाभर चहासुद्धा धरा.
२. उंची, आत्ताचं वजन, वर्षापूर्वीचं वजन.
३. खोकला, संध्याकाळची कणकण, रात्री घाम? तहान-लघवी वाढली आहे का?
४. इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते का?

पेठेतला पाहुणा | बुधवार, रात्री १०:२०

मॅडम, खरं लिहितो.

सकाळी चहा, दहाच्या ब्रेकला पुन्हा चहा, सोबत कधी क्रीमरोल. दुपारी मेस : चार पोळ्या, भाजी, वरण-भात. चारला चहा, सहाला चहा. रात्री चहा आणि पार्लेजीचा पुडा. दिवाळीनंतर रात्रीची मेस बंद केली. दोन वेळचे पैसे मागायला जीवावर येतं, यंदा कापसाचं काही खरं नव्हतं. घरी वाटतं दोन्ही वेळ जेवतो.

उंची ५ फूट ८. वजन ६१ होतं. आज मेडिकलच्या काट्यावर बघितलं, ५२. खोकला, ताप नाही. थंडी वाजते. अभ्यासिकेत पंख्यावरून रोज माझीच भांडणं.

अजून एक. लाज वाटते पण लिहितो. रात्री कॉटवर पडलो की एक-दीड तास लोक जेवतानाचे व्हिडिओ बघतो. कोल्हापूरची थाळी, हैदराबादची बिर्याणी, इंदूरचा सराफा. तेवढा वेळ हलत पण नाही. काकांचं बरोबर आहे, मोबाइलचा नाद आहेच. आणि आज तुम्ही विचारलं म्हणून वही चाळली तर शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात यादी निघाली. परीक्षा झाल्यावर कुठे काय खायचं त्याची. सतरा ठिकाणं, भावासकट. एकाच्या पुढे कंसात 'रस्सा एक्स्ट्रा मागणे'. कधी लिहिली आठवंना. चालू घडामोडींच्या लेक्चरला लिहिली असणार, वरच्या अर्ध्या पानावर तेच मुद्दे आहेत.

हिमवर्षा | गुरुवार, सकाळी ७:०५

ते वहीचं शेवटचं पान वाचून अंगावर काटा आला.

मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सेंट पॉलला राहते. शेजारच्या मिनियापोलिसात आमचं विद्यापीठ, तिथे १९४४-४५ साली एक प्रयोग झाला होता. युरोपात युद्धाने उपासमार झालेली, त्या लोकांना पुन्हा अन्नावर आणायचं कसं हे कोणालाच धड माहीत नव्हतं. अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण निवडले. तत्त्वापायी शस्त्र उचलायला नकार दिलेले, स्वतःहून आलेले. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत ते राहिले. आधी तीन महिने पोटभर, मग फेब्रुवारी १९४५पासून २४ आठवडे रोज साधारण १,५७० कॅलरी. बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. वजन जवळजवळ चौथाईने उतरलं.

पाहुणे, आता पुढचं नीट वाचा. ही मुलं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. एकाकडे शंभरेक झाली. स्वयंपाकात कधी रस नसलेली मुलं दुकानांतले भाजीचे भाव ताडून बघायची. ताटातलं अन्न पाणी घालून वाढवायचं, घासघास चघळत दोन दोन तास पुरवायचं. एकाने दिवसाला च्युइंगमची चाळीस पाकिटं संपवली. चहा-कॉफीचं तर एवढं झालं की पेल्यांवर मर्यादा घालावी लागली. सगळ्यांची एकच तक्रार : लक्ष लागत नाही, वाचलेलं टिकत नाही, मैत्रिणीत रस नाही, थंडी वाजते. ऐन जुलैत थंडी!

आणि सगळ्यात चमत्कारिक भाग. बुद्धीच्या चाचण्या घेतल्या तर गुण पूर्वीइतकेच. डोकं जागच्या जागी होतं.

गवती चहा | गुरुवार, सकाळी ९:१८

बाप रे. चहा, थंडी, यादी… सगळंच जुळतंय की.

त्रिज्या | गुरुवार, सकाळी ९:५०

हिशेब मांडला. मेसचं एक जेवण साधारण ९००, पाच चहा ३००, बिस्किटांचा छोटा पुडा आणि क्रीमरोल मिळून ३०० धरा. रोजचे १,५००. या उंचीच्या, पायी फिरणाऱ्या तरुणाला २,१००-२,२०० तरी हवेत. सहा-सातशेची तूट, चार महिने. किलोभर वजनामागे ७,७००चा ढोबळ दर लावला तर नऊ-दहा किलो. काटा नऊच दाखवतोय.

पाहुणे, तुम्ही पेठेत बसून फुकटात मिनेसोटाचा प्रयोग चालवलाय.

नाडीपरीक्षा | गुरुवार, रात्री ९:३०

हिमवर्षा, माझं अर्धं काम केलंत. त्रिज्या, हिशेब ठीकच आहे, पण वजन एवढं उतरलं की पोटालाच सगळा दोष देऊन मोकळं व्हायचं नसतं. पाहुणे, हे आधी : छातीचा एक्स-रे, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. आपल्याकडे तरुण मुलाचं वजन घटलं की टीबी आणि मधुमेह नाही ना हे बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. सरकारी दवाखान्यात नाममात्र खर्चात होतं. या आठवड्यात जा.

आता तुमचा प्रश्न. हो, हार्मोनमुळे असं होतं, पण मित्र म्हणतात तसं नाही.

चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते शोधलं. लेप्टिन म्हणजे मेंदूला जाणारा कोठाराचा रोजचा अहवाल : धान्य आहे, काळजी नको. खाणं कमी झालं की चरबी फारशी घटण्याआधीच, दोन-तीन दिवसांत, हा अहवाल झपाट्याने खाली येतो. कोठार रिकामं व्हायची वाट बघत नाही, आवक घटली की लगेच बोंब. दुसरीकडे रिकाम्या जठरातून घ्रेलिन येतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधलं. ते नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं. तुमची रात्रीची मेस बंद झाली, पण शरीराला ती वेळ पाठ होती.

दोन्ही निरोप मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये पोचतात. तिथे चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. उंदरात त्या पेशी प्रकाशाने चेतवल्या तर पोट भरलेला उंदीरही काही मिनिटांत खायला लागतो. भुकेने त्या जाग्या असल्या की तो मोकळ्या, धोक्याच्या जागेत जातो, तहान बाजूला ठेवतो, दुसऱ्या उंदरांकडे बघतही नाही. आणि मला वर्गात सांगायला सगळ्यात आवडतं ते हे : अन्न नुसतं दिसलं, अजून तोंडात गेलेलं नाही, तोच या पेशी शांत व्हायला लागतात. म्हणजे त्यांचं काम चावणं-गिळणं नव्हेच. शोध चालू ठेवणं हे त्यांचं काम. (त्रिज्यांची चूळ आठवा. तिथेही वर्दीच.)

आता डोपामाइन, मेंदूतलं ओढीचं रसायन. लेप्टिनचा निरोप पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) मेंदूच्या मध्यभागात डोपामाइन बनवणाऱ्या पेशींवरही आहेत. जन्मतःच लेप्टिन न बनणारी माणसं जगात फार थोडी आहेत. अशा दोघांना केंब्रिजच्या संशोधकांनी अन्नाची चित्रं दाखवली. जेवून उठल्यावरसुद्धा त्यांच्या मेंदूतला ओढीचा भाग पेटत होता. सात दिवस लेप्टिन टोचल्यावर तो फक्त उपाशीपोटी पेटू लागला. तर पाहुणे, तुमचं डोपामाइन संपलेलं नाही. रात्री दीड तास न हलता व्हिडिओ बघणारा माणूस एकाग्र नाही असं कोण म्हणेल? लेक्चरमध्ये बसून भावासकट सतरा ठिकाणांची यादी करणं हे अतिशय हेतुपूर्वक, चिकाटीचं काम आहे. फक्त तो हेतू आयोगाच्या अभ्यासक्रमात नाही. पंचायत राज आणि रस्सा यांत तुमचा हायपोथॅलॅमस रस्सा निवडतोय, आणि त्याच्या जागी तो चुकत नाहीये.

टेस्टोस्टेरॉन तपासलंत तर कदाचित कमी येईलही. दीर्घ तुटीत मेंदू प्रजननाचा खर्च आधी कापतो. टी-३ हे थायरॉइडचं हार्मोन उतरतं, म्हणून थंडी. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढतं, म्हणून चिडचिड, पहाटे जाग. हे सगळे तुटीचे परिणाम. त्यातला एक आकडा धरून पावडरचा डबा आणणं म्हणजे गॅस संपल्यावर नवा तवा घेणं.

सुपारीकातर | शुक्रवार, सकाळी ६:०२

मॅडम, माहितीपूर्ण. पाहुणे, मोबाइलबद्दल बोललो ते मागे घेतो.

पण एक शंका. चाळीस वर्षं मी चातुर्मासात सोमवार आणि बारा महिने एकादशी करतो. त्या दिवशी माझं डोकं आरशासारखं लख्ख असतं. हिशेबाची जुनी भानगड मी उपासालाच काढायचो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभर थालीपिठाचं चिंतन व्हायला हवं होतं.

गवती चहा | शुक्रवार, सकाळी ८:४४

काका, उपास कोणता? साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर दाण्याचा लाडू? तो उपास हार्मोनांना कळतच नाही. (हलके घ्या.)

सुपारीकातर | शुक्रवार, सकाळी ८:५९

निर्जळी नसली तरी फक्त ताक आणि एक केळं. दुप्पट खाशीवाल्यांत आम्हाला मोजू नये.

नाडीपरीक्षा | शुक्रवार, दुपारी १:२५

सुपारीकातर, तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याचंही हार्मोन… खरं तर चेतासंदेशक आहे, ओरेक्सिन. १९९८ साली दोन गटांनी एकाच वेळी शोधलं, म्हणून त्याला नावंही दोन आहेत. ज्या पेशी ते बनवतात त्या माणसात जेमतेम पन्नास-ऐंशी हजार, आणि त्या नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते, बोलता बोलता माणूस झोपतो. ओरेक्सिन म्हणजे जागं ठेवणारा पहारेकरी. रक्तातली साखर उतरली, घ्रेलिन चढलं की या पेशी चेततात. साखर आणि लेप्टिन वाढलं की सुस्तावतात. उंदीर उपाशी ठेवला तर तो नेहमीपेक्षा जास्त जागतो, हिंडतो. ओरेक्सिनच्या पेशी नसलेला उंदीर तसं करत नाही. रानात रिकाम्या पोटी झोप काढणारं जनावर टिकलं नसतं, साधी गोष्ट.

तर तुमच्या एकादशीला पहारेकरी जागा असतो आणि कोठार भरलेलं असतं. तुम्ही ती जाग हिशेबाच्या भानगडीकडे वळवू शकता. तुमचा पगार एक दिवस उशिरा झाला. पाहुण्यांचा चार महिने कापून येतोय. जाग दोघांनाही, पण पाहुण्यांची जाग कुठे जाते ते शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे.

धावती | शुक्रवार, रात्री १०:४८

पहिल्यांदाच लिहितेय. नाशिकला असते, पळते. तीन वर्षांपूर्वी पूर्ण मॅरेथॉनची तयारी करताना 'हलकी झाले की वेग वाढेल' म्हणून भात-पोळी निम्मी केली. वजन अडीच किलोच उतरलं, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. पाळी थांबली. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं, पळायला कटकट नाही. सात महिने. ऑफिसात एकच मेल तीन वेळा वाचायचे. मीटिंगमध्ये कोणी डबा उघडला की कोणत्या भाजीचा वास आहे ते मला दाराबाहेरून कळायचं. नवरा म्हणायचा, तू हल्ली माझ्याशी फक्त जेवणाचंच बोलतेस. शेवटी नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला.

वजन फार न उतरताही हे होतं, एवढंच सांगायचं होतं.

नाडीपरीक्षा | शनिवार, सकाळी ११:०५

धावती, लिहिलंत हे फार बरं झालं. याला आता नाव आहे, २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने दिलेलं : खेळातली सापेक्ष ऊर्जातूट. आधी हे फक्त खेळाडू मुलींचं दुखणं समजत, आता पुरुषांतही मानतात. व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित वजनाच्या किलोमागे रोज ३० कॅलरींहून कमी उरल्या, तर मेंदूकडून बीजकोशाला ठोक्याठोक्याने जाणाऱ्या हार्मोनची लय पाच दिवसांत बिघडते, हे प्रयोगात दिसलं आहे. पाच दिवस! तोवर वजनकाटा काही बोलतही नाही. अशा पाळी थांबलेल्या काही स्त्रियांना लेप्टिन देऊन बघितलं तर ती लय परतली, काहींमध्ये ओव्ह्युलेशनही झालं, म्हणजे बीज सुटलं. खाणं तेच. फक्त अहवाल बदलला.

अर्थात लेप्टिनची इंजेक्शनं शोधायला कोणी निघू नका. पोळी स्वस्त पडते.

खडीसाखर | शनिवार, दुपारी ४:३०

दुसरी बाजू मांडते, नाहीतर प्रत्येक जण 'मी कमी खातो म्हणून' करत बसेल. मी व्यवस्थित खात होते. तरी दीड वर्ष स्वतःला आळशी म्हणत होते. मुलाचा गृहपाठ घेताना वाक्य अर्ध्यात सुटायचं, वाणसामानाची यादी हातात धरून दुकानात उभी राहायची. थायरॉइडसाठी टीएसएच तपासलं, ३८ आलं, म्हणजे फारच जास्त. गोळी सुरू झाली तरी तीन महिने काही फरक नाही, कारण मी ती सकाळच्या चहाबरोबर घ्यायचे आणि वर लगेच कॅल्शियम. मग कळलं : उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, पुढे अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम-लोह चार तासांच्या अंतराने. गोळी तीच. डोकं जागेवर आलं.

तपासणीशिवाय कोणी कुठल्या हार्मोनवर शिक्का मारू नये.

त्रिज्या | शनिवार, सायंकाळी ६:१२

+१. आणि पाहुणे, पावडरच्या डब्याच्या पैशात काय येतं बघा. शेंगदाणे १०० ग्रॅमला साधारण ५६० कॅलरी. दोन मुठी दाणे, दोन उकडलेली अंडी, एक केळं, पेलाभर दूध : रोजची तूट जवळपास भरते. गवती चहा यांचे गूळ-दाणे शेवटी बरोबरच ठरले, फक्त मुद्दा वेगळा होता.

गवती चहा | शनिवार, सायंकाळी ६:२०

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पेठेतला पाहुणा | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१५

उशीर झाला, माफी असावी. रिपोर्ट : एक्स-रे साफ, साखर ठीक, टीएसएच ठीक. हिमोग्लोबिन ११.९, बी-१२ बरंच कमी. बी-१२ची इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टरांनी काटा बघून एकच विचारलं, "रात्री जेवतोस का?" खोटं बोलवलं नाही.

घरी सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. आई बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी ट्रॅव्हल्सने पिशवी आली. बाजरीच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी, लाडूंचा डबा. रात्रीची मेस पुन्हा लावली. मेसवाल्या काकूंनी मागचे खाडे धरून थोडे पैसे कमी केले.

मॅडम, एक विचारायचंय. खाणं सुरू झालं तर आता भूक उलट वाढली. रात्री जेवून आलो तरी तासाभराने चटणीची बाटली उघडतो. हे काय नवीन?

हिमवर्षा | सोमवार, सकाळी ६:५०

नवीन काही नाही. त्या ३६ जणांचंही हेच झालं. प्रयोग संपल्यावर पोट टच्च भरलं तरी मन भरायचं नाही, काहींना तर कित्येक महिने. त्यांतले दोन-तीन जण पुढे आचारी झाले, हे आधी सांगायचं राहिलं. घाबरू नका, तुमची राज्यसेवा जात नाही.

नाडीपरीक्षा | सोमवार, दुपारी १:५०

कोठार भरल्याचा विश्वास बसायला वेळ लागतो. खा. एकदम चापून नको, थोडं थोडं, चार-पाच वेळा. पाय सुजले, धडधड झाली तर लगेच दाखवा. अभ्यासाचे तास महिनाभर आठवर आणा. चहा पाचाचे तीन करा आणि जेवणाला लागून नको, लोह शोषलं जात नाही.

पेठेतला पाहुणा | आणखी पाच आठवड्यांनी, गुरुवार, रात्री १०:३५

वजन ५६. पंख्यावरून भांडण मिटलं, आता मीच लावतो. वाचन पूर्वीसारखं नाही, पण सलग चाळीस मिनिटं बसतं. काल अकरावी अनुसूची न बघता लिहिली, २९पैकी २६. राहिलेल्या तीन विषयांत एक कुक्कुटपालनाचा होता, काय म्हणावं.

व्हिडिओ अजून बघतो. पण परवा एक बिर्याणीचा समोर आला आणि हंडी उघडायच्या आधीच मला झोप लागली. सकाळी मोबाइल छातीवर.

सुपारीकातर | शुक्रवार, सकाळी ६:०५

ती सतरा ठिकाणांची यादी इथे टाका. भाव जुने असतील, आम्ही दुरुस्त करून देऊ. रश्श्याचं ठिकाण बहुतेक ओळखलं आहे.

गवती चहा | शुक्रवार, सकाळी ९:२०

अवांतर : पाहुणे, आईंना विचारा ना, शेंगाच्या चटणीत लसूण भाजून घालतात की कच्चा? माझी दोन दिवसांत कडू होते.